पाठमोरा आडोसा

आणि ती जर्सी! त्या जर्सीचं काय, ते आधी मला कुणीतरी सांगा. नाही रे बाळा, माइक राहू दे, माझा आवाज पोचतो. जर्सी म्हणते मी. ती फोटोच्या बाजूला ठेवलेली, काचेच्या फ्रेममधली, पाठीवर मोठ्या अक्षरात 'शुभांगी' छापलेली. नवीकोरी. ही कधी छापली? तीन वर्षं ती पोरगी या क्लबच्या महिला टीमची कॅप्टन होती. तीन वर्षं तिनं पुरुषांच्या टीमच्या जुन्या जर्स्या घातल्या. पाठीवरचं नाव इस्त्रीनं गरम करून सोलून काढायचं, तरी त्याचा डाग राहायचाच. तिच्या पाठीवर कायम कुठल्यातरी पोराचं अर्धवट नाव. मॅच बघायला आलेली टाळकी तिला त्याच नावानं हाका मारायची आणि खिदळायची. एकदा मला म्हणाली, "काकू, एक नाव छापायला किती वेळ लागत असंल वो?" शुभे, आता कळलं बघ. लागत नाही फारसा वेळ. माणूस मेलं की लगेच होतं.

आणि त्या पोरी मागं भिंतीला टेकून का उभ्या आहेत? पुढच्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या कुणी चिकटवल्या? ए पोरींनो, या पुढं. खाली सतरंजीवर बसा, पण पुढं बसा. तिच्याबरोबर तुम्ही खेळलात. चिठ्ठ्या नाही खेळल्या.

हां. आता रीतीनं बोलते.

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. आप्पा, तुम्हाला वेगळा नमस्कार. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, हे आप्पा, शुभांगीचे वडील. कोल्हापूरहून आलेत. आणि मी सुगंधा, नावड्याची. क्लबात मला कसला हुद्दा नाही. शुभांगी माझ्या चाळीतल्या खोलीत भाड्यानं राहायची आणि जेवायला माझ्याकडं असायची. माझी पोरगी प्राची याच टीममध्ये, मागच्या फळीत, शुभांगीच्या शेजारी खेळते. खेळायची. काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी चौथीपर्यंत शाळेत गेले. भाषण कधी केलं नाही. बचत गटात भांडणं केलीत, ती भाषणात धरत असाल तर धरा.

मघाशी एक साहेब म्हणाले, क्रीडाक्षेत्राची अपरिमित हानी झाली. मला अपरिमित कळत नाही. माझ्या ओट्यावर तिचा स्टीलचा कप पालथा पडलाय आणि तो उचलून फळीवर ठेवायला माझा हात धजत नाही, एवढं मला कळतं. बोलायला जड जातंय मंडळी. म्हणून मी चिडून बोलते. चिडले की तोंडातून शब्द निघतो. नाहीतर निघत नाही. दहा दिवस झाले, निघत नव्हता.

पहिल्या दिवशी आली तेव्हा तिच्याकडं एक बॅग आणि एक चटणीचा डबा. मी खाडीतल्या बोयटांचं कालवण केलं होतं. ताटात बघून म्हणते कशी, "काकू, ह्यो मासा हाय का सुयांचं पाकीट?" आमचे मालक इतके हसले की ठसका लागला. महिन्याभरात तीच बया पनवेलच्या बाजारात कोळणीशी भावावरून हुज्जत घालायला लागली. आणि तिच्या चटणीची आमच्या घरादाराला सवय लागली.

माझ्या सासऱ्यांना ऑफसाइड तिनं पोळपाटावर शिकवलं. लसणाच्या पाकळ्या म्हणजे खेळाडू, बटाटा म्हणजे गोलकीपर. तासभर शिकवलं. माझ्या पोळ्या खोळंबल्या. म्हातारा मान हलवतोय, हां, हां, करतोय. शेवटी म्हणतो, "कललं गो बाय, सगलं कललं. पन यो बटाटा मधीच कशाला उभा हाय?" शुभी पोट धरून खाली बसली. घरात एवढं हसू पुन्हा कधी येईल, माहीत नाही. म्हातारा रोज विचारतो, ती कोल्हापूरवाली कुठं गेली. आम्ही सांगतो, मॅचला गेली.

काय काम करायची ती? विचारा ना. बँकेत खातं उघडायला मी तिच्याबरोबर गेले होते. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "काम काय करता?" ही म्हणाली, "फुटबॉल खेळते." बाई म्हणाली, "ते झालं हो. काम काय?" ही म्हणाली, "त्येच की." बाईनं माझ्याकडं बघितलं, मी म्हटलं, माझ्याकडं काय बघतेस, खेळते ती. शेवटी त्या बाईनं लिहून टाकलं, गृहिणी. लग्न नाही, घर नाही, आणि गृहिणी! रिक्षात बसल्यावर मला म्हणते, "काकू, गृहिणी आज पाच मैल पळून आलीया, गृहिणीला वडापाव चारा."

आम्ही हसलो त्या दिवशी. पण बँकेतली बाई परकी होती. आपल्या क्लबात ती कोण होती? मॅनेजरसाहेब, तुमच्या क्लबात ती कोण होती? पुरुषांची टीम म्हणजे व्यावसायिक खेळाडू. त्यांचा करार, त्यांचा महिन्याचा पगार, त्यांचा विमा, त्यांच्या तोंडांची चित्रं काढलेली ती मोठी बस. आणि बायकांची टीम म्हणजे प्रशिक्षणार्थी. म्हणजे शिकाऊ. तीन वर्षं कॅप्टन, आणि शिकाऊ! शिकाऊला पगार नसतो, मानधन असतं. तेही मॅच खेळली तर. अर्ध्यात बाहेर आली तर अर्धं. दुखापतीनं घरी बसली तर काहीच नाही, आणि जागा गेली ती गेली. पायाला लागलं तर पुरुषांना बर्फाचा टब. माझ्या घरी टोपात बर्फ घालून या पोरी आळीपाळीनं पाय बुडवायच्या. त्याच टोपात मी संध्याकाळी भात लावायची.

मी खोटं बोलत असेन तर साहेबांनी उठून सांगावं, सुगंधाबाई खोटं बोलतात.

बसलेत. बरं.

तो बघा, तिकडं उंच पोरगा बसलाय, रोहन. पुरुषांच्या टीममध्ये शुभांगीच्याच जागेवर खेळतो. लाजू नकोस बाळा, मी तुला काही बोलत नाही. गेल्या मोसमात त्याचंही डोकं आपटलं होतं. शुभी टीव्हीसमोर उभी राहिली होती, नखं खात. दोन मिनिटांत डॉक्टर मैदानात. डोळ्यात बॅटरी मारली. तो म्हणत होता मी खेळतो, मी ठीक आहे, डॉक्टरनं ऐकलं नाही. गेटावरची अँब्युलन्स आत आली, त्याला घेऊन गेली. त्यानंतर महिनाभर त्याला बॉलला डोकं लावू दिलं नाही, आणि महिनाभर पगार चालू. बरोबर ना रे? मान हलवतोय. चांगलं झालं. देवाची शपथ, चांगलं झालं. तुझ्या आईच्या ओट्यावरचा कप अजून रोज विसळला जातोय. मला तुझा कप नकोय. मला एवढंच विचारायचंय की एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन पोरांची दोन डोकी, त्यातलं एक महाग आणि एक स्वस्त, हे कुणी ठरवलं?

आता त्या दिवसाचं.

मॅच भर दुपारची. करंजाड्याच्या पुढचं ग्राउंड. दुपारची का, तर संध्याकाळी तिथं पुरुषांचा सराव. झाड नाही, सावली नाही, गेटावर अँब्युलन्स नाही, डॉक्टर नाही. प्राची सांगते, कॉर्नर आला, शुभी उडाली, समोरची पोरगी उडाली, नारळावर नारळ आपटावा तसा आवाज झाला. समोरची रडत बसली. शुभी उठली. रेफरीनं विचारलं, तिनं अंगठा दाखवला. तेवढ्यात शिट्टी वाजली, पाणी प्यायची सुट्टी. उन्हाच्या मॅचमध्ये मध्येच पाणी प्यायला थांबवतात. मग ती पाणी प्यायली आणि पुन्हा खेळली. शेवटपर्यंत खेळली. मॅच जिंकली. फोटो काढले. संध्याकाळी माझ्या घरी येऊन बसली, म्हणाली, "काकू, डोकं ठणकतंय. चहा टाका की." मी कप दिला. तिनं हात पुढं केला तो कपाच्या बाजूला. हवेतच. मला म्हणते, "दोन कप का वो आणलासा?"

एकच कप होता.

रिक्षा, दवाखाना, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिथला डॉक्टर मला म्हणाला, "लागलं तेव्हाच आणलं असतं तर," आणि पुढं बोलला नाही. त्यांना सवय असते वाक्य अर्धं सोडायची. आम्हाला ते जन्मभर पुरतं.

आप्पा, तुम्ही आलात तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून एकच विचारलंत. तुम्ही स्वतः कोल्हापुरात पेठेच्या टीममधून फुटबॉल खेळलेले. तुम्ही विचारलंत, "ती पडली तवा तिच्याजवळ कोण हुतं?" आठवतंय? मॅनेजरसाहेब म्हणाले, "आप्पा, खेळात असं होतं." पोरी खाली बघत राहिल्या. माझी प्राचीही खाली बघत राहिली. तुम्हाला अजून उत्तर मिळालं नाही. आज मी देते. प्राची, तू मला सांगितलंस ते मी आज सांगणार आहे. बघू नकोस माझ्याकडं असं.

त्या ग्राउंडवर कपडे बदलायला एक खोली आहे. पण ती पुरुषांच्या टीमच्या सामानानं भरलेली. जाळ्या, झेंडे, फळ्या, पाण्याचे जार. कुलूप कायम. मग पोरींनी कपडे कुठं बदलायचे? कुणाची पाळी आली, कुणाचा पट्टा सुटला, कुणाची चड्डी फाटली, कुठं जायचं? भिंतीवर टोळकी बसलेली असतात, मोबाइल काढून. म्हणून या पोरींनी एक रीत पाडली. आडोसा करायचा. एकीला मधे घ्यायचं, बाकीच्यांनी भोवती गोल उभं राहायचं, खांद्याला खांदा लावून, चादर धरून. आणि तोंड बाहेर. पाठ आत. कारण आतली पोरगी उघडी असते, तिच्याकडं बघायचं नसतं. त्यांचा नियमच तो. आडोशात कुणी मागं वळून बघायचं नाही. शुभांगीनंच घातलेला नियम. नवी लहान पोरगी आली की तिला पहिलं हे शिकवायची. म्हणायची, "बॉल सुटला तर चालंल, आडोसा सुटता कामा नये."

चांगली रीत आहे ना? मला तर अभिमान वाटायचा. चादर माझीच. निळ्या फुलांची. मीच दिली होती.

मग काय झालं, आडोसा दुखण्यालाही लागायला लागला. कुणी लंगडली, कुणाला चक्कर आली, तर साहेबांना दिसायला नको. दिसलं की बाहेर. बाहेर म्हणजे अर्धं मानधन, आणि पुढच्या मॅचला दुसरी कुणीतरी. म्हणून पाण्याच्या सुट्टीत लागलेल्या पोरीला मधे घ्यायचं, आडोसा करायचा, तिला दोन मिनिटं बसू द्यायचं, कळ जिरू द्यायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरी कपडे ठीक करतायत. सभ्य माणसं नजर वळवतात. अंपायर, रेफरी, जे कोण असतात ते, सगळे नजर वळवतात.

त्या दिवशी तेच झालं, आप्पा.

शिट्टी वाजली, पोरींनी शुभीला मधे घेतलं. चादर धरली. गोल केला. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडं. आत ती गुडघ्यावर बसली आणि उलटी केली. प्राचीनं आवाज ऐकला. मान न वळवता विचारलं, "शुभीताई, बरी आहेस ना?" आतून आवाज आला, "हाय की. बगू नगासा." कुणी बघितलं नाही. तिनंच शिकवलं होतं ना, बघायचं नाही. तिनं हातानंच त्यावर माती लोटली. शिट्टी वाजली. ती उठली, चादरीतून बाहेर आली, तोंड पुसत. आडोसा मोडला.

तिच्याजवळ कोण होतं, आप्पा? सगळ्या होत्या. हातभर अंतरावर. एकही पोरगी लांब गेली नव्हती. आणि एकीचंही तोंड तिच्याकडं नव्हतं.

रडू नका गो पोरींनो. मी तुम्हाला दोष द्यायला उभी नाही. आडोसा तुम्ही मायेनं केलात. मी तिथं असते तर मीही चादरीचं एक टोक धरलं असतं. पण ज्या पोरीला कपडे बदलायला दार असतं, तिला आडोसा लागत नाही. आणि जिला बाहेर बसली तरी पगार मिळतो, ती उलटी मातीनं झाकत नाही. कुणाला दोष द्यायचा तो मी बरोबर माणसांकडं तोंड करून देतेय.

आता हा फोटो बघा. हाराखालचा. हसतेय ना? क्लबाकडं तिचा एकटीचा फोटोच नव्हता. तीन वर्षांत एक नाही. म्हणून त्याच दिवशीचा, मॅच संपल्यावरचा टीमचा फोटो कापून मोठा केलाय. नीट बघा. डावा डोळा बघा. पापणी खाली आलीय. पुढं या, बघा. मी आल्यापासून तेच बघतेय. त्या फोटोत ती तुमच्यासमोर मरतेय, आणि आपण तिला हार घातलाय.

मला भीती वाटते, मंडळी.

मी घाबरणारी बाई नाही. आमच्या गावात विचारा. जमिनीच्या मोजणीवाल्यांना मी कोयता घेऊन आडवी गेलेली आहे. भाडं बुडवणाऱ्याला मी दारातून सामानासकट बाहेर काढलंय. पण गेले दहा दिवस मी घाबरून जगतेय. प्राची बाथरूममध्ये गेली की मी दाराशी उभी राहते. पाण्याचा आवाज थांबला की दार वाजवते. "काय गो? काय झाला?" आतून ओरडते, "आई, साबण लावतेय!" सकाळी उठली की विचारते, आज वार कोणता, तुझ्या आजीचं नाव काय, ही बोटं किती. पहिल्या दिवशी हसली. आता हसत नाही, गुपचूप उत्तर देते. कारण तीही घाबरलीय. ती कप धरते तेव्हा मी तिच्या हाताकडं बघते. कपाकडं जातो का हवेत जातो. रोज. प्रत्येक कपाला.

आणि ती मला काही सांगणार नाही, हे मला माहीत आहे. तिला शिकवलंय, बघू द्यायचं नाही. परवा तिच्या बरगडीवर काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाली, "कपाटाचं दार लागलं." आमच्या घरातलं कपाट मला माहीत नाही का? सरकत्या दाराचं आहे.

आज इथं येताना रिक्षात तिनं माझा हात धरला. मला वाटलं रडेल. म्हणाली, "आई, तू तिथं काही बोलू नको. वरचे लोक म्हणतात महिला टीम तोट्यात आहे, बंद करायचीय. तू बोललीस तर त्यांना कारण मिळेल." बघा म्हणजे. पोरगी मरेल म्हणून मी घाबरलेय, आणि पोरीचा खेळ मरेल म्हणून पोरगी घाबरलीय. सीवूड्सचं स्टेशन येईस्तोवर आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो होतो, आणि दोघींचे हात गार.

कोण तोट्यात आहे, साहेब? आप्पांना विचारा तोटा.

खेळू नको म्हणू का तिला? म्हटलं मी. चौथ्या दिवशी म्हटलं, पुरे झालं, आता दुकानात बस, नाहीतर लग्न कर. ती उठून शुभांगीच्या खोलीत गेली आणि तिचे बूट घासत बसली. मेलेल्या पोरीचे बूट. ब्रशनं, एकेका खिळ्याच्या मधली माती काढत. मी दारातून बघितलं आणि परत फिरले. मी अडवलं तर ती माझ्या घरात राहील, जेवेल, हसेलही, पण ती प्राची नसेल. एवढी समज मला आहे. आणि का अडवायचं? रोहनच्या आईला कुणी सांगितलं का, पोराला घरी बसव म्हणून?

येत्या रविवारी मॅच आहे. तेच ग्राउंड. भर दुपारी. कॅप्टनचा पट्टा माझ्या पोरीच्या दंडाला बांधलाय. साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. मी फोन हातातून घेतला आणि विचारलं, "साहेब, अँब्युलन्स असेल का गेटावर?" तर म्हणाले, "बघतो, ताई." मी विचारलं, "डॉक्टर?" "वरती बोलतो, ताई." मी विचारलं, "त्या खोलीचं कुलूप?" तर म्हणाले, "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

टेन्शन कोण घेणार मग? तुम्ही तर घेत नाही.

आणि काल संध्याकाळी प्राची माझ्याकडं आली. म्हणाली, "आई, चादर धुतलीस का?" मी म्हटलं, कोणती? "निळ्या फुलांची. रविवारी लागेल."

मंडळी, मी ती चादर धुतली होती. तीनदा धुतली. एका टोकाला मातीचा डाग आहे, तो जात नाही. कपाटात खाली दाबून ठेवली होती. आणि माझी पोरगी ती मागतेय. कारण रविवारी पुन्हा आडोसा होणार. पुन्हा सगळ्या तोंड फिरवून उभ्या राहणार. आणि मधे कोण असेल? सांगा ना. या सतरंजीवर बसलेल्यांतली कोण असेल? मला एकेकीच्या तोंडाकडं बघून तेच मनात येतंय. मी बघायला नको म्हणते, आणि तरी येतंय.

चादर मी आणलीय. ही बघा पिशवीत. प्राचीला माहीत नाही, तिला वाटतंय पिशवीत डबा आहे.

साहेब, ही मी तुमच्या टेबलावर ठेवते. घाबरू नका, स्वच्छ आहे. मला भाषणबाजी नको, स्मारक नको, तिच्या नावाची ट्रॉफी तर अजिबात नको. पगाराची आणि करारांची लढाई मोठी आहे, ती या पोरी लढतील, आम्ही आया मागं उभ्या राहू, आणि ती शिकाऊची पाटी एक दिवस आम्ही काढून टाकू. त्याला वेळ लागेल, समजते मी. पण रविवारला वेळ नाही. रविवारसाठी मला तीन गोष्टींचं उत्तर पाहिजे. गेटावर अँब्युलन्स. मैदानाच्या कडेला डॉक्टर, ज्याच्या शब्दावर पोरगी बाहेर बसेल आणि बसली म्हणून तिचं काही कापलं जाणार नाही. आणि त्या खोलीचं कुलूप काढून, सामान हलवून, आतून कडी. बघतो नको. वरती बोलतो नको. आज बुधवार. शुक्रवारी संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत हो किंवा नाही.

हो म्हणालात तर ही चादर तुम्हीच ठेवा. पुसायला वापरा, फेकून द्या, आम्हाला ती नको. आणि नाही असेल, तर फोन करू नका. दुसऱ्या कुणाला पाठवू नका. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः नावड्याला या आणि ही चादर तुमच्या हातांनी माझ्या पोरीच्या हातात द्या. माझ्यासमोर. म्हणजे रविवारी ती कशाच्या आड उभी आहे, ते तुम्हालाही माहीत असेल आणि मलाही.

आता उठा सगळे. दोन मिनिटं शांत उभं राहूया. मान खाली घालायची नाही. डोळे मिटायचे नाहीत. ज्यांची पाठ फोटोकडं आहे त्यांनी वळा. खुर्च्या सरकवा, वळा. पोरींनो, या, तिच्याभोवती उभ्या राहा, जशा राहता तशा गोल, पण यावेळी तोंड आत करून. प्राची, तूही. बघ तिच्याकडं. ती नको म्हणेल. तरी बघ.

आप्पा, तुम्ही बसूनच राहा. तुमच्या वाटणीचं आम्ही उभं राहतो.

शुभे, बाय, बघतोय आम्ही.

आणि साहेब, दोन मिनिटं झाली की चादर उचलून न्यायला विसरू नका. शुक्रवारी संध्याकाळी मी दारातच बसलेली असेन.